जुन्या झबल्यांचं गाठोडं

नाशिक
११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

स्नेहा,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर बघून चुलीत टाकण्याआधी एवढं लक्षात घे, की आत चार पानं आहेत आणि ती लिहायला मला दोन दिवस लागलेत. तुझा फोन माझ्या नंबरवरून लागत नाही. सनीचाही लागत नाही. नवरा-बायकोचं इतर कशात एकमत असो-नसो, मला बंद करण्यात पक्कं आहे. म्हणून हे पत्र भागीबाईच्या पिशवीतून.

भागीबाईनेच सांगितलं. दर बुधवारी ती हरसूलहून नागली घेऊन गोदाकाठी, गंगेवरच्या बाजारात बसते, ते तुला माहीत आहे. गेल्या बुधवारी मी पीठ संपलं म्हणून गेले, तर म्हणाली, "छायाबाई, तुमच्या भैनीला आठवा लागला हाय. तुमाला ठाव नाय?" मी म्हटलं, ठाऊक आहे की. खोटं बोलले. नागली न घेताच घरी आले आणि दुसऱ्या दिवशी तिखटामिठाचा भात खाल्ला.

आई गेल्यावर तुझं माहेर म्हणजे मीच. म्हणून तुझं पहिलं बाळंतपण माझ्या दोन खोल्यांत झालं आणि तिथेच सगळं बिघडलं. बाळ, आपला संघर्ष, तिसऱ्या दिवशी पिवळा पडला. तू म्हणालीस दवाखाना, मी म्हटलं कोवळं ऊन दाखवू, उतरेल. थोरली म्हणून माझंच चाललं. दीड दिवस मी त्याला गॅलरीत मांडीवर घेऊन बसले. मग त्याचं सगळं रक्त बदलावं लागलं. पोर वाचलं, पण कान गेले. दवाखान्याच्या जिन्यात तू जे बोललीस ते मी लिहीत नाही. पाठ आहे मला.

त्याबद्दल भांडायला हे पत्र नाही. नव्या बाळाला काहीतरी पाठवावं असं वाटलं, एवढंच. बारा दिवस बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, दुसऱ्या लेकराने वापरून मऊ केलेलंच लावायचं, ही आपल्या घरातली रीत. संघर्षची झबली, टोपडी, दुपटी तू माझ्याकडेच टाकून गेलीस. ती त्याच्या आधी तुझी होती. आईने जपली, मग मी जपली. सगळी आईच्या निळ्या लुगड्यात बांधून पाठवते आहे. एकालाही कसर नाही. दर दिवाळीला मी ट्रंक उघडून जुन्या गोळ्या काढते आणि ताज्या घालते, त्यात कधी खंड पडला नाही.

माझं म्हणशील तर कॉलेज चालू आहे. चोवीस वर्षं झाली बायोलॉजीच्या लॅबमध्ये. यंदा योगिनी मॅडम नावाच्या नव्या बाई आल्यात, तिशीच्या आतल्या. अकरावीला सध्या जैविक रेणू शिकवतात. त्याच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी मीच नळ्या मांडते. निळं पाणी तापवलं की विटकरी झालं, म्हणजे साखर. आयोडीन टाकलं की काळं-निळं, म्हणजे पिष्ट. जांभळं झालं की प्रथिन. कागदावर तेलकट डाग राहिला की मेद. हे रंग मी डोळे मिटून सांगेन. पण ते कशाचे रंग आहेत हे मी चोवीस वर्षांत कोणाला विचारलं नाही आणि कोणी आपण होऊन सांगितलंही नाही.

या बाई विचित्र आहेत. मला म्हणाल्या, "छायाताई, तुमचा डबा उघडा." पोरांसमोर माझ्या नागलीच्या भाकरीवर आयोडीनचा थेंब टाकला. काळी पडली. मग म्हणाल्या, आता एक घास चावत राहा, गिळू नका. पाच मिनिटं मी रवंथ करत बसले, पोरं हसत होती. तो घास त्यांनी नळीत घातला, आयोडीन टाकलं आणि या वेळी काळं झालंच नाही. निळं पाणी घालून तापवलं तर विटकरी झालं. भाकरीची साखर झाली होती, स्नेहा. माझ्या तोंडात! लाळेत एक प्रथिन असतं, ते पिष्टाची लांबच लांब माळ मणी-मणी करून तोडतं. पन्नाशी उलटली माझी. इतकी वर्षं या तोंडाने मी लोकांना टोचून बोलले, तुला सगळ्यात जास्त, आणि तेवढ्यातही ते आपलं काम करतच होतं. मी नळी हातात धरून उभी राहिले. तास संपल्याची घंटा झाली तरी मला ती धुवायला नेववेना.

हे सांगावंसं वाटलं असं दुसरं कोणी मला नाही, म्हणून तुला लिहिलं.

एक राहिलं. मागे तू सनीच्या भावाकडून निरोप धाडला होतास, संघर्षच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तेव्हाचे दवाखान्याचे कागद हवेत म्हणून. तेव्हा सांगितलं तेच सांगते. होते ते सगळे तुझ्या फाईलमध्ये आहेत, माझ्याकडे काही राहिलेलं नाही.

कपडे वापर. एवढं ऐक.

तुझी ताई
छाया


नाशिक
२३ नोव्हेंबर, रविवार

स्नेहा,

भागीबाईला या बुधवारी विचारलं. म्हणाली, गाठोडं दिलं, पत्र दिलं, तू दोन्ही घेतलंस आणि तिला चहा दिलास. मला म्हणून काही निरोप नाही. बरं. गाठोडं परत आलं नाही, हेच मी उत्तर समजते. भागीबाई पुढल्या बुधवारी लग्नाला जाणार आहे, म्हणून हे पोस्टाने. पोस्टातल्या मुलीने तिकीट लावताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कबुतर घेऊन आले.

आज तुला कांद्याची गोष्ट सांगते. तू कांदा चिरताना रडायचीस आणि मी तुला रडकी म्हणायचे, तोच कांदा. मॅडमनी नामपूरचा लाल कांदा आणायला सांगितला, सोबत भांडी घासायचा साबण, मीठ, आणि फ्रीजमध्ये गार केलेलं स्पिरिट. मला वाटलं बाईंचा आज स्वयंपाकाचा विचार दिसतोय. कांदा किसला, साबण-मिठाच्या पाण्यात हलकेच ढवळला आणि गाळून नळीत घेतला. वरून गार स्पिरिट सोडायचं काम माझ्याकडे, कारण माझा हात हलत नाही. काचेच्या कडेने थेंब-थेंब सोडलं. खाली कांद्याचं पाणी, वर स्पिरिट, आणि दोघांच्या मध्ये पांढरे धागे वर यायला लागले.

पोरं गप्प झाली. अकरावीची पोरं, स्नेहा, जी माझ्या ओरडण्याने कधी गप्प बसत नाहीत.

तो डीएनए होता. कांद्याने कांदा कसं व्हायचं, त्याचा सगळा पाठ त्या धाग्यांत लिहिलेला असतो. मॅडम म्हणाल्या, माणसाच्या एका पेशीतला धागा सरळ केला तर दोन मीटर भरतो, आणि पेशी टाचणीच्या टोकावर कितीतरी मावतात. फक्त चार अक्षरांत लिहिलेला पाठ. माणसाचा पाठ तीनशे कोटी अक्षरांचा, आणि पेशी दोन होताना तो सगळा पुन्हा उतरवला जातो. मला शुद्धलेखनाच्या दहा ओळी उतरवताना चार चुका व्हायच्या, गुरुजी हातावर पट्टी मारायचे. मी मॅडमना विचारलं, यात चुका होत नाहीत का? त्या म्हणाल्या, फार थोड्या. पण होतात, आणि एकीचीही कधी भारी किंमत पडते.

साबण का, तेही सांगितलं. प्रत्येक पेशीच्या भोवती मेदाचं पातळ कातडं असतं, दोन पदरी. साबण भांड्याचं तेल काढतो तसाच ते विरघळवतो, मग आतला धागा मोकळा होतो. आपण रोज घासताना कोणकोणाची घरं उघडी पाडतो कोण जाणे. मी दोन दिवस पातेलं घासताना थांबत होते.

मग सगळी गेल्यावर मॅडमनी माझ्या बोटाला सुई टोचली आणि माझंच रक्त मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. चोवीस वर्षं ते यंत्र मी पुसते. माझं रक्त त्यात पहिल्यांदा बघितलं. तांबड्या पेशी, मध्ये खोलगट, एकीसारखी दुसरी. मॅडम म्हणाल्या, या पेशीकडे आता डीएनए नाही. प्राणवायू वाहणारं प्रथिन जास्तीत जास्त मावावं म्हणून तिने पाठाची वहीच टाकून दिली. म्हणजे तिला नवं काही बनवता येत नाही. निघताना जी प्रथिनं पदरात घेतली त्यांच्यावर चार महिने काढायचे. अन्न म्हणून फक्त साखर. ती भाकरीतली. एवढ्यावर अंगभर फिरत राहायचं आणि शेवटी मरायचं, आणि अशा कोट्यवधी माझ्या अंगात या क्षणी फिरतायत. मला एकदम त्यांची माया आली. हसू नकोस. मी त्या दिवशी लवकर निजले, उगाच त्यांना दमवायला नको म्हणून.

संघर्षला हे दाखवायला हवं. ऐकू येत नसलं तरी त्याला डोळे आहेत. भागीबाई म्हणाली, तो गावातल्या सगळ्या शेळ्या नुसत्या बघून ओळखतो.

कपडे काढून ठेवलेस का? न धुता वापरलेस तरी चालतील, धुवूनच ठेवलेले आहेत.

छाया


नाशिक
३ डिसेंबर, बुधवार, दुपारी बारा
लॅबमधून

स्नेहा,

हे पत्र आधी पूर्ण वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

ते गाठोडं उघडू नकोस. उघडलं असशील तर घराबाहेर टाक. आतलं काहीही बाळाच्या अंगाला लावू नकोस, धुऊनसुद्धा नको. आईचं लुगडंही नको. ज्या खोलीत ते ठेवलं असशील त्या खोलीत बाळाला ठेवू नकोस.

आता कारण. आज सकाळी मी लॅबची कपाटं साफ करत होते. पेंढा भरलेले पक्षी, फुलपाखरं, सापाच्या काती. त्यांना कीड लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या घालतात, ते माझंच काम. उरलेल्या गोळ्या मी रुमालात बांधून घरी नेते. आपल्या ट्रंकेत दरवर्षी पडायच्या त्या याच. लोक दोन घालतात, मी मूठभर घालायचे. जपायचं तर नीट जपावं, असा माझा खाक्या. मॅडमनी रुमाल बघितला आणि म्हणाल्या, "छायाताई, घरात तान्हं बाळ नाही ना? काही बाळांना या गोळ्यांच्या वासानेसुद्धा कावीळ होते." माझ्या हातून बरणी सुटली. काचा अजून पडल्या आहेत, मी आधी तुला लिहायला बसले.

मी त्यांना सगळं विचारलं. त्यांनी फळ्यावर काढून सांगितलं, मला जेवढं कळलं तेवढं लिहिते.

त्या तांबड्या पेशीचं मागच्या पत्रात लिहिलं होतं. प्राणवायू वाहता वाहता ती आतून करपत असते. त्यापासून वाचवायला तिच्याकडे एक प्रथिन असतं. ते साखरेतून जोर काढतं आणि पेशीची रोजची डागडुजी करतं. जी-सिक्स-पी-डी असं त्याचं नाव आहे. ते प्रथिन कसं बनवायचं याचा पाठ डीएनएमध्ये असतो. काही घराण्यांत त्या पाठात एक अक्षर बदललेलं असतं. तीनशे कोटीतलं एक. मग ते प्रथिन लवकर ढेपाळतं, आणि पेशीकडे वही नाही, म्हणून तिला दुसरं बनवता येत नाही. तरी तिचं एरवी भागतं. माणूस धडधाकट दिसतो, खेळतो, वाढतो. पण गोळ्यांचा वास श्वासातून गेला, कातडीतून गेला, की त्या पेशी पटापट फुटतात. बाळाला तेल चोपडलं असेल तर आणखी लवकर, कारण त्या गोळ्या तेलात विरघळतात आणि कातडीची दारंही मेदाचीच असतात.

मी संघर्षला दिवसातून दोनदा तेल लावत होते. मग तीच झबली. डिसेंबरची थंडी होती म्हणून एकावर एक तीन दुपटी. ती मी धुतलीही नव्हती, वाळणार नाहीत म्हणून. तू म्हणाली होतीस, "ताई, उग्र वास येतोय गं." मी म्हटलं होतं, वास येतो म्हणजे कसर नाही. आणि ऊन दाखवायला गॅलरीत नेलं तेही त्यातच गुंडाळून.

फुटलेल्या पेशींतलं लाल होतं त्याचं पिवळं होतं. मोठ्या माणसाचं यकृत ते काढून टाकतं, तान्ह्याचं कच्चं असतं. तेही मेदात मुरणारं. मेंदूत मेद भरपूर. तिथे जाऊन बसलं, कानाच्या वाटेवर.

म्हणजे मी दीड दिवस घालवला, तेवढंच नाही. ते आणलंही मीच होतं. आणि आता दुसऱ्यांदा, स्वतःच्या हाताने बांधून तुझ्या घरी पाठवलं.

आता त्याहून वाईट लिहिते. दवाखान्याचे कागद माझ्याकडे नाहीत हे खोटं आहे. तू जिन्यात भांडून हरसूलला निघून गेलीस, त्यानंतर आठवड्याने दवाखान्यातून फोन आला, बाळाचा एक रिपोर्ट राहिलाय, घेऊन जा, डॉक्टरांना भेटा. रिपोर्ट आणला. डॉक्टरांना भेटले नाही. तुला पाठवलाही नाही. तू मला खुनी म्हणाली होतीस, स्नेहा. मी तुला आंघोळ घालून, वेणी घालून मोठं केलं आणि तू मला खुनी म्हणालीस. त्या रागात पाकीट तसंच डब्यात टाकलं. मग तू कागद मागितलेस, तेव्हा इतकी वर्षं गेली होती की द्यायची लाज वाटली. आज मॅडमनी नाव फळ्यावर लिहिलं, तेव्हा ते पाकीट आठवलं आणि मी घरी धावले. रिक्षाने गेले आणि आले. मॅडमसमोर फोडलं. एकच ओळ आहे. जी-सिक्स-पी-डी, आणि पुढे, कमी आहे. रिपोर्ट या पत्रासोबत आहे. पाकीट सात वर्षांचं आहे, चिकटवलेल्या जागी आज फाटलेलं दिसेल.

हे आईकडून मुलाला येतं. आईला स्वतःला काही होत नाही. आपली आई सांगायची ना, तिचा एक भाऊ पाचव्या दिवशी पिवळा होऊन गेला म्हणून? तिच्याकडून तुला आलं, तुझ्याकडून त्याला. माझ्याकडेही असेल, मला मूल नाही म्हणून कळलं नाही. यात तुझा दोष काडीचाही नाही. अक्षर बदलणं हा कोणाचाच दोष नाही. दोष गोळ्यांचा आणि पाकिटाचा, आणि ते दोन्ही माझे.

नवं बाळ मुलगा असला तर त्यालाही असण्याची शक्यता निम्मी. जन्मताच डॉक्टरांना हा कागद दाखव, रक्त तपासायला सांग, जरा पिवळा दिसला तर ऊनबिन काही नाही, थेट दवाखाना. आणि संघर्षला हिवतापाची गोळी डॉक्टरांना हा कागद दाखवल्याशिवाय देऊ नकोस. काही गोळ्या त्याला चालत नाहीत. तुमच्याकडे ताप नेहमी असतो म्हणून आधी सांगते. बाकीची यादी मॅडमनी मागच्या पानावर लिहिली आहे.

मॅडमच्या फोनवरून तुला आणि सनीलाही लावून बघितलं, दोन्ही आवाक्याबाहेर. मॅडमनी तिथल्या दवाखान्यात फोन करून ठेवलाय. पण दवाखाना काही तुझं गाठोडं बघायला येणार नाही. मीच एस.टी.त बसणार होते. मग वाटलं, मला दारात बघून तू दार लावशील आणि कागद बाहेरच राहील. भागीबाईला तू आत घेतेस. तिची गाडी तीनला आहे, मी आता गंगेवर पळते. तिला तोंडीही सांगते.

मला माफ करू नकोस. फक्त गाठोडं उघडू नकोस.

छाया


हरसूल
२८ डिसेंबर

ताई,

तुझी तिन्ही पत्रं समोर ठेवून लिहिते आहे. पहिली दोन मी फोडलीच नव्हती. भागीबाई तिसरं घेऊन आली त्या संध्याकाळी सगळी एकदम वाचली.

मुलगा झाला. चौदा तारखेला, दवाखान्यात. आज पंधरावा दिवस. डॉक्टरबाईंनी टाचेतून रक्त घेऊन नाशिकला पाठवलं होतं, रिपोर्ट काल आला. यालाही तेच आहे. संघर्षसारखंच. आणि ताई, तो पिवळा पडला नाही. थोडी झाक आली होती, दोन दिवस दिव्याखाली ठेवला, गेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढी तर बहुतेक बाळांना येते.

आता गाठोड्याचं ऐक. भागीबाईने दिलं तेव्हा आईचं लुगडं ओळखलं, आणि वासही ओळखला. तुझ्या ट्रंकेचा, तुझ्या घराचा, त्या दिवसांचा वास. मला एवढा राग आला की गाठ न सोडता मी ते शेळ्यांच्या छपरात टांगून ठेवलं. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, ते बरं वाटलं नाही. रोज म्हणायच्या, "आगं, भैनीनं जीव लावून धाडलंय. लेकराच्या अंगाला लागूंदे. दुसऱ्याचं मागाया जाऊ का मी?" मी म्हणायचे, तिच्या घरचं सूतसुद्धा नको. तीन आठवडे असं चाललं. शेवटी त्या बुधवारी मी संध्याकाळी जरा पडले होते, तेव्हा त्यांनीच ते उतरवून घरात आणलं. भागीबाई धापा टाकत आली तेव्हा आत्याबाई मांडीवर गाठोडं घेऊन बसल्या होत्या. तू गाठ एवढी घट्ट मारली होतीस की त्यांना सुटत नव्हती, दातांनी ओढत होत्या. भागीबाई दारातूनच ओरडली, "म्हातारे, सोड त्ये! जहर हाय त्यात!"

सनीने ते रानात लांब नेऊन पुरलं. कपड्यांचं मला काही वाटलं नाही. लुगड्यासाठी रडले.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. गोळ्यांचं तुला माहीत नव्हतं, ते मला कळतं. पाकिटाचं कळत नाही. मागच्या वर्षी संघर्षला ताप आला, इथल्याच एकाकडून गोळ्या आणल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली. आठ दिवस पोर उठून बसलं नाही. कशाने ते कोणालाच कळलं नाही. तो कागद तुझ्या डब्यात होता, ताई. हे मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही.

पण एक मीही लिहिते. तू रागाने पाकीट फोडलं नाहीस आणि मी रागाने गाठोडं सोडलं नाही. तुझ्या रागाने एकाचं नुकसान झालं, माझ्या रागाने दुसरा वाचला. त्यात माझी हुशारी काही नाही. मी शहाणी असते आणि तुझ्याशी गोड झाले असते तर ते कपडे पहिल्याच दिवशी उन्हात पसरून, घडी घालून ठेवले असते. हे सारखं मनात येतं. बाळ दूध पीत असतं आणि मी त्याच्या तळव्याकडे बघत बसते, लाल आहे ना म्हणून. तू म्हणतेस त्या सगळ्या पेशी आत फिरतायत, साखर खातायत, अर्ध्या जोराने का होईना. दूध माझं, त्यातली साखर माझी. सात वर्षं मी स्वतःलाच विचारत होते की माझ्या दुधात काही होतं का, माझ्या अंगात काही खोट होती का. तू लिहिलंस, यात दोष काडीचाही नाही. ती ओळ मी सनीला मोठ्याने वाचून दाखवली.

संघर्षला तुझी पत्रं खुणांनी सांगायला मला तीन दिवस लागले. तांबड्या पेशीचं त्याला लगेच कळलं. भाकरी चावून चावून तोंडात गोड लागते का ते बघतो, आणि लागली की माझा हात ओढून तोंड उघडून दाखवतो. एका अक्षराचं सांगताना मी अडले. मग त्यानेच त्याचं नाव पाटीवर लिहिलं, मधलं एक अक्षर पुसलं, दुसरं घातलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने बाळाकडे बोट दाखवलं. मी पुन्हा मान हलवली. मग तो उठला आणि बाळाच्या पाळण्याशी जाऊन बसला, आणि त्या दिवसापासून जो कोणी घरात येईल त्याचे हात आणि कपडे आधी हा हुंगतो. कालच पोस्टमनला दारात थांबवलं होतं.

बारा दिवस नवं कापड नाही ही रीत आत्याबाईंनीच मोडली. शेजारणीने नातवाची झबली आणली होती, ती त्यांनी दारातूनच परत केली. "कोणाच्या ट्रंकंत काय आसंल, काय ठाव," म्हणाल्या. बाजारातून कोरं कापड आणून स्वतः धुऊन हाताने शिवलं. शिलाई वाकडी आहे, पण बाळाला काय कळतंय.

पाचव्या दिवशी नशीब लिहायला कोणी आलं नाही. बारसं अजून केलेलं नाही. नाव संघर्षने ठेवायचं असं आमचं ठरलंय, आणि तो म्हणतो, म्हणजे खुणा करतो, की आधी ते पांढरे धागे बघायचे. कांदा आहे, मीठ आहे, साबण आहे. त्याने सगळं एका परातीत मांडून ठेवलंय आणि नाशिकहून तीनला सुटणाऱ्या गाडीच्या वेळी रोज फाट्यावर जाऊन उभा राहतो.

गार स्पिरिट तेवढं इथे मिळत नाही. घेऊन ये. नवं लुगडं नेसून ये, ट्रंकेतलं नको, नाहीतर तो तुला आत घेणार नाही.

स्नेहा